मताचा हक्क : एका सिनेमाने दाखवलेला आणि न दाखवलेला
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापन दिनाला महिला मंडळाला दहा मिनिटे मिळतात. त्यात आम्ही गीत म्हणतो आणि खीरदानाच्या कामाला लागतो. यंदा आम्ही गीत म्हणणार नाही. यंदा आम्हाला एका सिनेमाबद्दल बोलायचे आहे आणि दहा मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ लागेल. खीर झाकून ठेवली आहे, काळजी नसावी.

झाले असे, की वर्षावासात दर रविवारी ग्रंथवाचन संपल्यावर आम्ही काही जणी बसून राहायचो. आमच्यातल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने एकदा प्रोजेक्टर आणला आणि भिंतीवर पांढरी चादर लावून ‘सफ्राजेट’ नावाचा इंग्रजी सिनेमा लावला. २०१५ सालचा. सारा गॅव्हरन या बाईने दिग्दर्शित केलेला, ॲबी मॉर्गन या बाईने लिहिलेला. सिनेमा पावणेदोन तासांचा. आम्हाला बघायला तीन रविवार लागले. कारण ती मुलगी दर दोन मिनिटांनी थांबवून मराठीत सांगायची, आणि ती सांगायची तेव्हा आमच्यात बोलणे सुरू व्हायचे.

गोष्ट लंडनच्या पूर्व भागातली, १९१२-१३ सालची. मॉड नावाची एक बाई कपडे धुण्याच्या कारखान्यात काम करते. मॉड ही काल्पनिक बाई आहे, पण तसे कारखाने खरे होते. तिची आई तिथेच कामाला होती, तिथेच भाजून मेली. मॉड लहानपणीच तिथे कामाला लागली. वाफ, उकळते पाणी, इस्त्रीचे चटके, आणि मुलींवर हात टाकणारा मुकादम. आमच्यात एक मावशी आहेत, त्यांची तीस वर्षे इस्पितळाच्या धोबीखान्यात गेली. त्या इतका वेळ गप्प होत्या. वाफेचे दृश्य आले तेव्हा त्यांनी पदर वर करून आपल्या हातावरचा डाग दाखवला. म्हणाल्या, “इंग्रजीत बोलतात म्हणून काय झालं, वाफ तीच हाय.” त्या दिवशी सिनेमा पुढे सरकलाच नाही.

या मॉडला मताच्या हक्काशी काही देणेघेणे नसते. कामावरची एक मैत्रीण सरकारी चौकशीपुढे साक्ष द्यायला जाणार असते. तिला नवऱ्याने मारलेले असते, म्हणून ऐनवेळी मॉडला उभे राहावे लागते. समोर मंत्री लॉइड जॉर्ज. तो विचारतो, मत मिळाले तर तुला त्याचे काय? मॉड सांगते, की मिळेल असे कधी वाटलेच नाही, म्हणून त्यावर विचारही केला नाही. हे ऐकून आम्ही एकमेकींकडे बघितले. पुढे तिला तुरुंग होतो, नवरा घराबाहेर काढतो आणि तिचा लहान मुलगा दुसऱ्यांना दत्तक देऊन टाकतो. आईला विचारण्याची गरजच नव्हती. इंग्लंडच्या कायद्यात मुलावर हक्क बापाचा. आईला मुलाच्या बाबतीत कोर्टात बापाच्या बरोबरीने उभे राहता येऊ लागले ते १९२५ च्या कायद्याने. म्हणजे साहेबाच्या देशात! आम्हाला वाटायचे तिकडे सगळे आधीपासून सुधारलेले.

‘सफ्राजेट’ हा शब्द मुळात चेष्टेचा. लंडनच्या ‘डेली मेल’ या वर्तमानपत्राने १९०६ साली या बायांना हिणवायला तो काढला आणि बायांनी तोच आपल्या अंगावर मिरवला. त्यांची संघटना एमेलिन पँकहर्स्ट यांनी १९०३ साली मँचेस्टरमध्ये आपल्या घरी स्थापन केली. अर्ज, विनंत्या, मोर्चे यांना सरकार दाद देईना, तेव्हा त्यांनी काचा फोडल्या, टपालपेट्या जाळल्या. तुरुंगात राजकीय कैद्याचा दर्जा मिळावा म्हणून १९०९ पासून उपोषणे सुरू झाली. त्यावर सरकारने काय केले? हातपाय धरून, नाकातोंडातून रबरी नळी घालून अन्न ओतायला सुरुवात केली. सिनेमात हे दृश्य आहे. आमच्यातल्या दोघी उठून बाहेर गेल्या.

शेवटी एमिली डेव्हिसनचा प्रसंग येतो. ही बाई खरी. शिकलेली, ऑक्सफर्डची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाली, पण तेव्हा ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हते. ४ जून १९१३ रोजी एप्समच्या घोड्यांच्या शर्यतीत ती कुंपणाखालून मैदानात शिरली आणि राजाच्या घोड्यापुढे उभी राहिली. चार दिवसांनी वारली. तिच्याजवळ परतीच्या गाडीचे तिकीट सापडले, त्यामुळे ती मरायला गेली होती की घोड्याला झेंडा अडकवायला, हा वाद आजही चालू आहे. विशेष म्हणजे शर्यत टिपायला आलेल्या कॅमेऱ्यांत हे सगळे आपोआप टिपले गेले. सिनेमाच्या अखेरीस तिच्या अंत्ययात्रेची खरी जुनी चित्रफीत दाखवली आहे. रस्त्यांवर माणसेच माणसे. ती फीत आम्ही मागे नेऊन परत बघितली.

पण याच एमिलीची एक गोष्ट सिनेमात नाही आणि आम्हाला ती जास्त आवडली. २ एप्रिल १९११ च्या रात्री इंग्लंडात जनगणना होती. ‘आम्ही मतात नाही, तर मोजणीतही नाही’ असा पवित्रा अनेक बायांनी घेतला. कुणी रात्रभर बाहेर फिरल्या, कुणी फॉर्म कोरा ठेवला. एमिली काय करते? पार्लमेंटच्या तळघरातल्या प्रार्थनामंदिरात झाडूबिडू ठेवायच्या कपाटात लपून बसते. कारण मोजणीत त्या रात्री माणूस जिथे असेल तोच त्याचा पत्ता. झाले, सापडली, आणि तिचा पत्ता सरकारी कागदावर लागला पार्लमेंटचा! १९९१ साली टोनी बेन नावाच्या खासदाराने त्या कपाटाच्या दारावर स्वतः पाटी लावली.

सिनेमा संपला आणि आमचे प्रश्न सुरू झाले. त्या मुलीने पुस्तके शोधली, जुनी छायाचित्रे शोधली, आणि पुढचे कितीतरी रविवार आम्ही सिनेमात नसलेल्या बायांच्याच गोष्टी ऐकत बसलो.

त्यातली एक लेडी कॉन्स्टन्स लिटन. लिटन हे नाव शाळेत इतिहास शिकलेल्यांच्या कानावर असेल. १८७७ मध्ये दख्खनमध्ये दुष्काळाने माणसे मरत असताना दिल्लीत दरबार भरवणारा, देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. त्याची ही मुलगी! आम्हाला आधी खरे वाटेना. १९०९ साली ती सफ्राजेटांबरोबर तुरुंगात गेली. उपोषण केले. तुरुंगाच्या डॉक्टरांनी तिचे हृदय तपासले, ते अशक्त आहे म्हणाले आणि सोडून दिले. तिला शंका आली, की हे हृदय माझे तपासले की माझ्या बापाचे? जानेवारी १९१० मध्ये तिने केस कापले, स्वस्तातले कपडे घातले, चष्मा लावला, ‘जेन वॉर्टन’ नाव घेतले, आपण शिवणकाम करणारी बाई आहोत असे सांगितले आणि लिव्हरपूलमध्ये अटक करून घेतली. आता हृदय कुणी तपासले नाही. गरीब शिंपिणीला सरळ नळी घातली. आठ वेळा. खरी ओळख कळल्यावर मात्र ताबडतोब सुटका. बाई तीच, हृदय तेच. पुढे तिला पक्षाघात झाला, उजवा हात गेला, आणि तिने डाव्या हाताने तुरुंगाचे पुस्तक लिहिले. ते १९१४ साली निघाले.

आमच्या आजी, ज्या दर रविवारी पुढच्या चटईवर बसतात, त्या हे ऐकून म्हणाल्या, “हे तर आपल्यालाच ठावं हाय, नाव सांगितलं की पाणी बदलतं.” याहून आम्ही काही जास्त सांगत नाही.

सिनेमातही याचा एक तुकडा आहे, तो न्यायाने सांगितला पाहिजे. खासदाराची बायको आणि गरीब बाया एकत्र पकडल्या जातात. ती नवऱ्याला म्हणते, सगळ्यांचा जामीन भर. तो फक्त तिचा भरतो.

दुसरी सोफिया दुलीपसिंग. पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांची नात. राज्य खालसा झाल्यावर दुलीपसिंगांना लहानपणीच इंग्लंडला नेले, त्यांची ही मुलगी, १८७६ साली तिथेच जन्मलेली. व्हिक्टोरिया राणी तिची धर्ममाता, राहायला हॅम्प्टन कोर्टात राणीने दिलेले घर. तिने ऐषारामात आयुष्य काढले असते तर कुणी काही म्हटले नसते. ही बाई १९१३ साली आपल्याच राजवाड्याच्या दारात उभी राहून सफ्राजेटांचे वर्तमानपत्र विकत होती, त्याचे छायाचित्र आहे. १८ नोव्हेंबर १९१० ला सुमारे तीनशे बाया पार्लमेंटवर गेल्या, पोलिसांनी त्यांना सहा तास बडवले. त्या दिवसाला ‘काळा शुक्रवार’ म्हणतात. त्यात ती एमेलिन पँकहर्स्टबरोबर पुढच्या तुकडीत होती. मत नाही तर करही नाही, म्हणून तिने परवान्याचे पैसे भरले नाहीत. सरकारने तिची हिऱ्याची अंगठी जप्त करून लिलावात काढली. तिच्या मैत्रिणींनी बोली लावून ती घेतली आणि तिथल्या तिथे तिच्या हातात परत दिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. पण २०१५ च्या सिनेमात ती नाही, कुठलीच काळीसावळी बाई नाही. यावरून इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ टीका झाली. सिनेमावाल्यांचे म्हणणे, आम्ही एका कामगार बाईची गोष्ट सांगत होतो. तेही खोटे नाही. पण गर्दीची इतकी दृश्ये आहेत, गर्दीत तरी दिसली असती.

इथे एक खरे बोलले पाहिजे. जून १९११ मध्ये लंडनला बायांचा मोठा मोर्चा निघाला, त्यात साड्या नेसलेल्या भारतीय बाया चाललेल्या छायाचित्रात दिसतात. आम्हाला अभिमान वाटला. मग कळले, की त्यांना साम्राज्याच्या तुकडीत ठेवले होते; साम्राज्यसुद्धा आमच्या मागे आहे हे दाखवायला. म्हणजे दिसण्यातही प्रकार असतात.

तिसऱ्या, लँकेशायरच्या गिरणीतल्या बाया. आपल्यापैकी कितीतरी घरांनी गिरणीवर दिवस काढले, म्हणून हे सांगतो. सफ्राजेटांची संघटना निघायच्या आधी, १९०० आणि १९०१ साली, कापड गिरण्यांतल्या बाईकामगारांनी मताच्या हक्कासाठी सह्या गोळा केल्या. गिरणीच्या फाटकावर, पाळी सुटताना, घराघरांत जाऊन. २९,३५९ सह्या. ते बाड घेऊन गिरणीतल्याच बाया लंडनला पार्लमेंटात गेल्या. त्यात सेलिना कूपर नावाची बाई पुढे होती, ती लहानपणीच गिरणीत लागलेली. या बायांनी काच फोडली नाही, घोड्यापुढे उडी मारली नाही, म्हणून त्यांच्यापुढे कॅमेरा आला नाही. १९७८ साली दोघी अभ्यासक बायांनी त्यांच्या घरच्यांना भेटून, जुने कागद धुंडाळून पुस्तक लिहिले, तेव्हा लोकांना कळले.

एमेलिनबाईंची मधली मुलगी सिल्व्हिया, तिचेही असेच. ती पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत जाऊन राहिली, तिथल्या कामगार बायांची संघटना बांधली. आईला आणि थोरल्या बहिणीला ते पटले नाही, त्यांनी जानेवारी १९१४ मध्ये तिला संघटनेतून वेगळे काढले. महायुद्ध आले तेव्हा आई सरकारच्या बाजूने भाषणे देत होती आणि सिल्व्हियाने वस्तीत स्वस्त जेवणाची खानावळ काढली, बंद पडलेल्या दारूच्या गुत्त्यात बालवाडी आणि दवाखाना काढला. गुत्त्याचे नाव होते ‘बंदूकवाल्यांचा गुत्ता’ अशा अर्थाचे, तिने ते बदलून ‘आयांचा’ केले. सिनेमा त्याच भागात घडतो, पण या कामाला त्यात जागा नाही.

आता निकाल काय लागला ते ऐका. फेब्रुवारी १९१८ मध्ये कायदा झाला. पुरुषांना एकविसाव्या वर्षी मत, सगळ्यांना. त्याआधी दर दहा पुरुषांतल्या साधारण चौघांनाही मत नव्हते, हेही सिनेमात नाही. आणि बायांना? तीस वर्षे पूर्ण पाहिजेत आणि स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या नावावर ठरावीक घर-मालमत्ता पाहिजे. ८४ लाख बायांना मत मिळाले. पण सिनेमातली मॉड घरातून काढलेली, भाड्याच्या खोपटात राहणारी. तिला कदाचित मिळाले नसते! जिने लाठी खाल्ली, जिची नाकातली नळी आम्ही बघितली, तिच्यासारखीला आणखी दहा वर्षे थांबावे लागले. २ जुलै १९२८ ला इंग्लंडात बाई आणि पुरुष मतात सारखे झाले.

या तारखांपाशी आम्ही बराच वेळ थांबलो, कारण बाबासाहेबांच्या तारखा आम्हाला पाठ आहेत. एमिली जून १९१३ मध्ये गेली, बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. २३ ऑक्टोबर १९१५ ला न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरून हजारो बाया मताच्या हक्कासाठी चालल्या, तेव्हा ते त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. दहा दिवसांनी तिथल्या पुरुषांनी मतदान करून तो हक्क नाकारला. पुढे १९२० ते १९२३ ते लंडनला होते, त्या वेळी तिथल्या तिशीच्या आतल्या बाईला मत नव्हते. यापलीकडे आम्ही काही जोडत नाही. पण जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची साक्ष दिली. त्याच समितीने भारतातल्या बायांना मत द्यायचे नाही असे ठरवले. मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची लेक मिठन त्याच वर्षी लंडनला जाऊन त्याविरुद्ध बोलल्या. मग प्रांतांवर सोपवले गेले आणि मुंबई प्रांताने १९२१ मध्ये हक्क दिला, पण मालमत्तेची अट तशीच. आपल्या आज्या-पणज्यांच्या नावावर कोणती मालमत्ता होती?

१९२८ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. मालमत्तेची अट नाही, बाई-पुरुष भेद नाही. त्याच जुलै महिन्यात इंग्लंडात समान मताचा कायदा झाला आणि त्याच महिन्यात मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी बोलत होते. मॉडची आणि आमच्या धोबीखान्यातल्या मावशींची गोष्ट त्या भाषणात होती असे आम्हाला वाटते.

पुढे संविधानात कलम ३२६ आले. एकवीस वर्षे वयाच्या प्रत्येकाला मत. १९८९ पासून अठरा. पण पहिल्या निवडणुकीच्या यादीत काय झाले, हे आम्हाला या निमित्तानेच कळले. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीसाठी माणसे घरोघर नावे लिहायला गेली, तेव्हा लाखो बायांनी आपले नाव सांगितले नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी सांगितले, असे चालणार नाही, बाईचे स्वतःचे नाव पाहिजे. मुदत वाढवली, तरी शेवटी सुमारे २८ लाख बायांची नोंद यादीतून गाळावी लागली. ही गळती मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत झाली.

हे ऐकून चटईवरच्या आजी हसल्या. त्यांनी पहिले मत १९५७ ला टाकले. यादीत नाव होते, पण कारकुनाने सासऱ्याचे नाव नवऱ्याच्या जागी लिहिले होते. “तसंच टाकलं,” म्हणाल्या, “नाव माझं होतं ना.”

आणि त्यानंतर आमच्यातल्याच एकीने विचारले, आपल्या विहाराच्या सभासद यादीत आपली नावे आहेत का?

आम्ही चिटणीसांकडे जाऊन रीतसर वही मागितली. त्यांनी दिली, चहाही पाजला, याबद्दल आभार. वहीत कुटुंबामागे एक सभासद आहे, एक वर्गणी, एक मत. नाव कर्त्या पुरुषाचे. बायकांची नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्या सगळ्या विधवा. म्हणजे नवरा गेल्यावर आमचे नाव वहीत येते. विहाराच्या पायासाठी डोक्यावर विटा वाहिलेल्या दोघी आज समोर बसल्या आहेत. एकीचे नाव वहीत आहे, दुसरीचे नाही, कारण तिचे मालक सुदैवाने ठणठणीत आहेत. त्यांना दीर्घायुष्य लाभो!

हे कुणी मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. त्या काळी वर्गणी घरटी गोळा व्हायची, वही तशीच लिहिली गेली, आणि पुढे तिच्याकडे कुणी बघितले नाही. समितीचे म्हणणे असे, की सभासदत्वाचा नियम मंडळाच्या घटनेत आहे आणि घटना-दुरुस्ती सर्वसाधारण सभेतच होते. बरोबर आहे. फक्त त्या सभेत हात वर करायचा हक्क सभासदालाच, म्हणजे आमच्या विषयावर आम्ही सोडून सगळे मत देणार.

तसे पार्लमेंटातही झाले. १९ जून १९१७ ला बायांच्या मताचे कलम मतास आले तेव्हा सभागृहात एकही बाई नव्हती. बाजूने ३८५, विरोधात ५५. त्या ३८५ पुरुषांची नावे आम्हाला माहीत नाहीत, पण मॉडचे काम त्यांच्या हातावर येऊन थांबले होते.

आमचा अर्ज चिटणीसांकडे दिला आहे. मागणी एका ओळीची आहे : अठरा वर्षांवरील प्रत्येक उपासक आणि उपासिकेला स्वतःच्या नावाने सभासद होता यावे. खाली सह्या आहेत. ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे आहेत, आणि प्रत्येक अंगठ्याशेजारी पूर्ण नाव लिहिले आहे. वार्षिक सभा पुढच्या महिन्यात पौर्णिमेनंतरच्या रविवारी, सकाळी दहा वाजता, याच हॉलमध्ये. आम्ही मागे बसू. ज्या भावांना तो सिनेमा बघायचा असेल त्यांच्यासाठी आदल्या शनिवारी रात्री आठला पुन्हा लावणार आहोत. या वेळी थांबवून थांबवून सांगणार नाही, मराठीत लिहिलेला कागद हातात देऊ.

खीर तयार आहे. ओळीने यावे. जयभीम!